मागच्या उजव्या चाकाचा पंचनामा

“ज्या माणसानं चौतीस वर्षं या शहराचा किलो किलोभर ठेवला आणि लिटर लिटरभर, त्याला एक टायर फसवू शकत नाही!”

ही घोषणा करणारे काटेसाहेब त्या वेळी कमरेपर्यंत गाडीखाली होते. बाहेर फक्त दोन पाय होते आणि त्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांमधल्या चपला होत्या. त्यामुळे समोर उभ्या असलेल्या पीटी मास्तरांना पटकन कळेना, की मान नेमकी कोणत्या टोकाकडे बघून डोलवावी. त्यांनी ती चपलांकडे बघून डोलवली.

“खरंय साहेब. पण मग बाहेर या ना.”

“आलो असतो,” गाडीखालून आवाज आला. “शर्ट कशाला तरी अडकलाय.”

शर्ट सोडवायला बायकोला कात्री घेऊन खाली यावं लागलं. “अहो, टायर बाहेरूनही दिसतं की! त्यासाठी गाडीच्या पोटात कशाला शिरायचं?” असं म्हणत तिनं बाहीचा एक तुकडा गाडीला अर्पण केला आणि काटेसाहेब उजेडात आले.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि तराजूच्या काट्यावरून बाजारानं त्यांना दिलेलं हे नाव इतकं चिकटलं, की लग्नपत्रिकासुद्धा त्याच नावानं येऊ लागल्या. ते बाजारात शिरले की दुकानदार आपोआप चार दाणे जास्त टाकायचे. मग जास्त दिलं म्हणून काटेसाहेब त्यांच्यावर खटला भरायचे. कमी ते कमी आणि जास्त ते चूकच, असा त्यांचा न्याय होता. असा माणूस निवृत्त झाला तरी त्याचं मोजणं निवृत्त होत नाही. घरात दूध मापून उकळायचं, साबण किती दिवसांत झिजला याची नोंद व्हायची आणि पाहुणे किती वेळ बसले हे पाहुण्यांना जाताना सांगितलं जायचं.

तर त्या सोमवारी सकाळी गाडीचं मागचं उजवं चाक त्यांना जरा बसल्यासारखं वाटलं. जेवणानंतर माणूस बसतो तसं. त्यांनी मीटर लावून, खात्रीसाठी परत परत लावून, हवा मोजली. तेहतीस हवी होती, एकतीस निघाली. बाकीची तीन चाकं मात्र तेहतीसवर ठाम.

“पंक्चर असेल,” पीटी मास्तर म्हणाले. मास्तर तळमजल्यावर राहायचे, शाळेत कवायत शिकवायचे आणि गळ्यातली शिट्टी आंघोळीला जातानाही काढायचे नाहीत.

“असेल? मास्तर, ‘असेल’वर कारवाई होत नाही!”

“अहो, दोन गल्ल्या सोडून टायरवाल्या मावशी आहेत. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“पंधरा मिनिटांत फक्त चुका होतात. दुरुस्त करायचं की नाही, हे तपासाअंती ठरेल.”

आता हे बोलायला ठीक होतं. पण काटेसाहेब टायरवाल्या मावशींकडे जायला का तयार नव्हते, याचं खरं कारण पंधरा मिनिटं नव्हतं. कारण होती त्यांची मुलगी.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, बँकेत होती आणि बापाचीच मुलगी असल्यामुळे हिशेबाला पक्की होती. गेल्या वर्षी काटेसाहेबांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. त्यांच्या मते खांब नकाशाप्रमाणे नव्हता. त्यांनी तो टेपनं मोजून चार बोटं बाहेर असल्याचं सिद्धही केलं. पण मुलीनं खांबावर विश्वास ठेवला. तेव्हापासून ती दर फोनला एकच टुमणं लावायची, “बाबा, वय एकाहत्तर झालं. किल्ली मामाकडे द्या. तो तुम्हा दोघांना हवं तिथं नेईल.”

मामा म्हणजे काटेसाहेबांचा मेव्हणा. वरच्या मजल्यावर राहायचा, चष्म्याचं दुकान चालवायचा आणि गाडीकडे असा बघायचा, जसं काही लोक दुसऱ्याच्या ताटातल्या शेवटच्या घासाकडे बघतात. “माझं काय भाऊजी, मी फक्त मदत म्हणून म्हणतो,” असं म्हणत त्यानं सीट आपल्या पायांच्या मापाची दोनदा करूनही बघितली होती.

काटेसाहेबांना मागच्या सीटवर बसायची कल्पनाच सहन व्हायची नाही. नोकरीत चौतीस वर्षं ते सरकारी जीपमध्ये मागं बसले. ड्रायव्हर नेईल तिकडे गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या दुसऱ्या दिवशी ते गाडी शिकायला गेले, सहा वेळा परीक्षा दिली आणि सातव्यांदा पास झाले. आणि तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी ते बायकोला तिच्या गाण्याच्या क्लासला सोडायचे. वीस मिनिटांचा रस्ता ते चाळीस मिनिटांत काटायचे, मग क्लासबाहेर गाडीत पेपर उघडून बसायचे आणि पेपर न वाचता वरच्या खिडकीतून येणाऱ्या बारा आवाजांतून एक आवाज शोधायचे. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. वजनमापे खात्याच्या माणसाला असलं काही शोभत नाही.

तेव्हा टायर गळतंय हे मुलीच्या कानावर गेलं, की किल्ली गेली! म्हणून टायर गळतच नाही, असं काटेसाहेबांनी ठरवलं आणि ते सिद्ध करायला ते कामाला लागले.

पद्धत त्यांची जुनीच होती. पंपानं हवा भरून तेहतीसवर आणायची. त्यानंतर भरायची नाही, सोडायची नाही. दिवसातून चार वेळा मीटर लावून मोजायची आणि वहीत लिहायची. आणि तपास चालू असेपर्यंत मुद्देमाल जागचा हलवायचा नाही!

“मुद्देमाल म्हणजे?” बायकोनं विचारलं.

“गाडी.”

“मग माझ्या क्लासचं काय?”

“तपासाला सहकार्य कर.”

“करते,” ती म्हणाली आणि छत्री घेऊन निघून गेली.

“मग स्टेपनी तरी लावा!” मेव्हणा जिन्यातून ओरडला.

“संशयिताला चौकशीच्या आधी घरी पाठवतात का कधी?”

एका आठवड्यानं सोमवारी काटा बोलला. तेहतीसची तीस झाली होती. मोजायला चुकलो असेन, असं काटेसाहेबांना वाटलं, म्हणजे वाटलं असं त्यांनी वहीत लिहिलं. एकट्या माणसाचं माप कायद्यात टिकत नाही, ही त्यांची पहिल्यापासूनची शिकवण. खात्यात त्यांची शिस्तच होती, मापाला दोन पंच हवेत आणि प्रत्येक पंचानं स्वतःच्या हातानं वेगळं मोजायला हवं. दुसऱ्याचा आकडा बघून मान हलवणारा पंच त्यांनी भर बाजारातून हाकलून दिलेला होता.

पहिले पंच अर्थातच पीटी मास्तर. त्यांना कुणी काही काम दिलं की ते आधी सावधान उभे राहायचे आणि मग काम काय ते विचारायचे. दुसरा पंच मिळेना. वॉचमन म्हणाला, मला सही येत नाही. शेजारचे डॉक्टर म्हणाले, मला वेळ नाही. शेवटी मेव्हणा स्वतःहून हजर झाला.

“तू? तुझा यात स्वार्थ आहे!” काटेसाहेब म्हणाले.

“म्हणूनच मी बरोबर मोजीन भाऊजी. तुम्ही चुकीचं मोजाल, मी बरोबर मोजीन.”

यात काहीतरी खोट होती, पण ती कोणती ते काटेसाहेबांना पटकन सापडेना. म्हणून मेव्हणा पंच झाला.

झालं! हवा परत तेहतीसवर आणली गेली आणि दुसऱ्या आठवड्यात सकाळी सात, दुपारी दीड आणि संध्याकाळी सहा या तीन वेळांना तिघांचा ताफा गाडीमागं उभा राहू लागला. मास्तर शिट्टी वाजवायचे. काटेसाहेब उकिडवे बसायचे, व्हॉल्व्हची टोपी काढायचे, मीटर लावायचे. फुस्स! “बत्तीस!” मग मास्तर. फुस्स! “बत्तीस!” मग मेव्हणा, डोळ्यांवर दुकानातला सर्वांत महागडा चष्मा चढवून. फुस्स! “बत्तीसला किंचित कमी!”

“किंचित म्हणजे किती?”

“किंचित म्हणजे किंचित. माझा चष्मा तुमच्यापेक्षा चांगला आहे.”

मग किंचितची चौकशी करायला तिघंही परत एकदा मोजायचे. वरच्या मजल्यांवरची माणसं या वेळेला चहाचे कप घेऊन गॅलरीत येऊन उभी राहू लागली. दोन बायकांनी तर घड्याळ बघायचं सोडलं. फुस्स ऐकू आलं की कुकर लावायच्या.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हवा पंचवीस निघाली. पहिल्या आठवड्यात तीननं उतरलेली हवा या आठवड्यात आठनं उतरली होती!

“वाढतंय!” मेव्हणा टाळ्या पिटायचाच बाकी होता. “रोग वाढतोय भाऊजी. आता तरी दुरुस्त करा.”

“रोग वाढतोय तर तपासही वाढवू!” काटेसाहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. मामानं तिला ‘फक्त काळजीपोटी’ सगळं सांगितलं होतं. आकड्यांसकट.

“बाबा, टायर गळतंय?”

“अजून सिद्ध झालेलं नाही.”

“दोन आठवडे गाडी हलवली नाही तुम्ही आणि सिद्ध झालेलं नाही? गळणारं टायर ज्याला कबूल करता येत नाही त्यानं गाडी चालवूच नये!”

“मी चालवत नाहीच आहे. मी मोजतोय.”

मुलगी बँकेच्या आवाजात बोलली. “पुढच्या रविवारी येते मी. टायरवाल्या मावशींना बोलावू. सगळ्यांसमोर चाक पाण्यात बुडवायचं. बुडबुडा आला, पंक्चर निघालं, तर किल्ली मामाकडे. कायमची.”

“आणि नाही निघालं तर?”

“तर मी जन्मात परत किल्लीचं नाव काढणार नाही.”

“लेखी दे.”

तिनं मेसेज पाठवला. काटेसाहेबांनी तो वहीत उतरवून खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मेव्हण्यानं सही इतक्या आनंदानं केली, की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

आता मात्र काटेसाहेबांची झोप उडाली. पंपानं हवा पुन्हा तेहतीसवर आणली आणि तिसरा आठवडा सुरू झाला. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. स्वार्थी पंच, उतरत जाणारी हवा! मेव्हणा गुपचूप हवा सोडत तर नसेल? याची खात्री करायला ते अधूनमधून, कुणी नसताना, खाली येऊन एकटेच मोजून जाऊ लागले. वहीत न लिहिता. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नोंदीबाहेरचं माप घेतलं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला सगळी इमारत झोपलेली असताना ते असेच पाय न वाजवता जिना उतरले. आणि खांबाआडून त्यांनी जे बघितलं त्यानं त्यांच्या अंगात निरीक्षक संचारला. मेव्हणा चाकापाशी उकिडवा बसला होता. फुस्स!

“पकडला!” काटेसाहेबांची आरोळी पाचव्या मजल्यापर्यंत गेली. “हवा सोडतोस? बहिणीच्या नवऱ्याच्या चाकातली?”

मेव्हणा उठला तो डोकं मडगार्डवर आपटून. “सोडत नाहीये! मोजतोय!”

“आता? दुपारी तीनला?”

“तुम्ही गुपचूप पंपानं भरत असाल म्हणून बघायला आलो होतो!”

“मी? मी भरीन?”

“मग तुम्ही इथं काय करताय? हातात काय आहे?”

काटेसाहेबांनी मीटर पाठीमागं लपवलं, पण उशीर झाला होता. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून कर्कश शिट्टी वाजली आणि पीटी मास्तर बाहेर आले. त्यांच्याही हातात मीटर होतं. नवं कोरं, पुठ्ठ्याच्या वेष्टणासकट.

“तुम्हीसुद्धा?” दोघंही एकदम म्हणाले.

“मला तुम्हा दोघांचाही संशय होता,” मास्तर सावधान उभे राहून म्हणाले. “रोज तीनदा येऊन बघून जातो.”

मग तिघांनी तिथंच आणाभाका घेतल्या, की आता कुणी एकट्यानं मोजायचं नाही. आणि एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून त्याच जागी लगेच तिघांनी एकेकदा मोजलं. फुस्स, फुस्स, फुस्स. आणाभाका संध्याकाळपर्यंत टिकल्या.

शनिवारी संध्याकाळी वहीत शेवटची नोंद झाली. एकवीस.

काटेसाहेब वही मिटून गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या सीटवर. स्टिअरिंगला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, दहा वाजून दहा मिनिटांना काटे असतात तसं, शिकवणाऱ्यानं शिकवलं होतं अगदी तसं. थोड्या वेळानं पलीकडचं दार उघडून बायको आत येऊन बसली. दोन कप चहा होता तिच्या हातात.

“एकवीस?” तिनं विचारलं.

“एकवीस.”

“धाकट्या भावानं वरून ओरडून सांगितलं मला. भलताच खूश होता. सीटचं कव्हर कुठल्या रंगाचं बरं दिसेल, असं विचारत होता.”

काटेसाहेबांनी चहाचा घोट घेतला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती. त्यांनी ती मोजली नाही, यावरूनच बायकोला काय ते कळलं.

“अहो, मग आत्ताच मावशींकडे नेऊन दुरुस्त करून टाका ना. अजून दुकान उघडं असेल. उद्या बुडवलं तरी बुडबुडा यायचा नाही. कोण विचारतंय?”

हा विचार काटेसाहेबांच्या मनात आलाच नव्हता असं नाही. दुपारपासून अकरा वेळा आला होता.

“नाही गं,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं मी काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं खरवडून काढली. आता स्वतःच्याच काट्याखाली चिकटवू? गळत असेल तर गळतंय. जाऊ दे किल्ली. मागं बसू आपण दोघं. मागं बसायची सवय आहे मला.”

बायकोनं आपल्या कपातला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.

रविवारी सकाळी दहाला सगळी इमारत खाली जमली. गॅलऱ्यांतून माणसं अशी लोंबत होती, जशी वाळत घातलेली. मुलगी आली. मेव्हणा नव्या शर्टात आला. आणि बरोबर सव्वादहाला टायरवाल्या मावशी आल्या. हातगाडीवर पाण्याचा भला मोठा टब, जॅक आणि पाना. मावशींची ख्याती अशी होती, की टायरवर नुसती बोटानं टिचकी मारून त्या सांगायच्या, खिळा आहे की चूक, आणि चूक असली तर ती टायरची की मालकाची.

“कुठलं?” मावशींनी विचारलं.

“मागचं उजवं,” काटेसाहेब, मास्तर आणि मेव्हणा एका सुरात म्हणाले.

मावशींनी जॅक लावला, चार नट सोडले, चाक काढलं, हवा भरली आणि टबात बुडवलं. काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मेव्हण्यानं चष्मा पुसून लावला. मावशी चाक हळूहळू फिरवू लागल्या. एक फेरा. दोन फेरे. पाणी तळ्यासारखं निवांत. एकसुद्धा बुडबुडा नाही!

“परत एकदा,” मेव्हणा म्हणाला.

मावशींनी परत फिरवलं. बुडबुडा नाही. व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावला. फेस जिथल्या तिथं. रिमच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं. मावशींनी चाक बाहेर काढलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, “ठणठणीत आहे. याला काहीच झालेलं नाही.”

“पण मग हवा जाते कुठं?” मुलीनं वही उघडली. “बघा ना मावशी. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात बारा! सगळं लिहून ठेवलंय.”

मावशींनी वहीची पानं चाळली. एक, दोन, दहा, वीस पानं. मग त्यांनी मान वर करून तिन्ही पुरुषांकडे एकेक करून बघितलं, बिघडलेल्या पंपाकडे बघावं तसं.

“हे सगळं कुणी मोजलं?”

“आम्ही!” मास्तर अभिमानानं म्हणाले. “पंचांसमक्ष!”

“मीटर द्या इकडं.” मावशींनी हवा नीट तेहतीसवर आणली आणि मीटर व्हॉल्व्हला टेकवलं. फुस्स. काढलं. परत टेकवलं. फुस्स. असं दहा वेळा त्या करत राहिल्या. मग अकराव्या वेळी आकडा सगळ्यांना दाखवला. बत्तीसच्याही जरासा खाली होता.

“ही गेली,” मावशी म्हणाल्या. “मीटर लावताना निघते ना, ती. थोडीच असते. पण तुम्ही किती वेळा लावलं?”

अंगणात टाचणी पडली असती तर गॅलरीतून तिचं वजन सांगता आलं असतं, इतकी शांतता झाली. मुलीनं मोबाइल काढून बेरीज सुरू केली.

“या आठवड्यात वहीतल्या नोंदी चौपन्न. वहीबाहेर कुणी मोजलं?”

“अठरा,” मास्तर टाचा जुळवून म्हणाले.

“मामा?”

“चोवीस,” मेव्हणा नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये बोलला.

“बाबा?”

काटेसाहेबांनी घसा खाकरला. “पंधरा.”

“एकशे अकरा!” मुलगी म्हणाली. “एका आठवड्यात एकशे अकरा वेळा तुम्ही तिघांनी मिळून त्या बिचाऱ्या टायरची हवा काढलीत!”

पहिला हसण्याचा फवारा तिसऱ्या मजल्यावरून आला आणि मग सगळ्या गॅलऱ्या एकदम फुटल्या. मावशीसुद्धा पाना कपाळाला लावून हसल्या. काटेसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं, पहाटे दुकानाची फळी वर जावी तसं.

“थांबा!” त्यांनी हात वर केला. “हसणं नंतर. आधी वही वाच. करार काय झाला होता? शब्दशः वाच.”

“बुडबुडा आला, पंक्चर निघालं, तर किल्ली मामाकडे,” मुलीनं वाचलं.

“बुडबुडा आला?”

“नाही.”

“पंक्चर निघालं?”

“नाही.”

“मोठ्यानं! पाचव्या मजल्याला ऐकू गेलं पाहिजे!”

“नाही निघालं!”

“मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो? गळत नाही! टायर निर्दोष आहे! हवा गेली ती तपासकामी खर्च झाली. आणि ज्या अर्थी प्रत्येक फुस्सचा हिशेब लागलाय, त्या अर्थी माझ्या तपासात एका फुस्सचीही चोरी नाही! सांगा मावशी, आजवर इतका काटेकोर हिशेब ठेवलेलं टायर तुमच्या दुकानात आलं होतं?”

“नाही बाई,” मावशी मनापासून म्हणाल्या. “असलं कधीच आलं नव्हतं.”

गॅलऱ्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला! पीटी मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि कुणी सांगितलं नसताना सलामी दिली. मुलगी हसता हसता डोळे पुसत पुढं आली, वडिलांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “जिंकलात बाबा. परत किल्लीचं नाव काढणार नाही. पण खांब तेवढा बघून चालवा.”

“खांब चार बोटं बाहेर आहे,” काटेसाहेब म्हणाले, पण मायेनं.

मावशींनी चाक परत बसवलं, नट आवळले आणि पैसे नकोत म्हणाल्या. इतकं हसणं दुकानात बसून वर्षभरात मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मेव्हण्यानं दिलदारपणानं पुढं येऊन हात मिळवला. काटेसाहेबांनी तो इतका वेळ हलवला, की गॅलरीतल्या सगळ्यांना नीट बघता यावं.

दुपारी तीनला क्लासची वेळ झाली. काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडून, अर्धा तास आधीच गाडीत बसलेले होते. गाडी पुसून लखलखीत. सीट स्वतःच्या मापाला आणलेली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं आणि त्यांना वाटलं, हा आवाज म्हणजे खात्यातल्या त्यांच्या निरोप समारंभापेक्षाही चांगलं भाषण आहे. बायको गाण्याची वही पिशवीत घालून आली आणि शेजारी बसली. गॅलऱ्यांतून हात हलले. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी फुस्स असा आवाज काढला, तो त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिला.

“चल!” ते म्हणाले. “आज वीस मिनिटांत पोचवतो तुला. मग मी बाहेर थांबतो. नेहमीसारखा. सावकाश गा तू.”

बायकोनं पदर नीट केला. पिशवी मांडीवर सारखी केली. मग त्यांच्या हातावर हात ठेवून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, एक सांगू? रागवायचं नाही हं. हे तीन आठवडे मी बसनं गेले ना. तर क्लासमधल्या आम्ही चौघी एकाच बसला असतो. मागच्या लांब सीटवर बसून सगळी गाणी म्हणून घेतो. परवा तर कंडक्टरनं तिकिटांच्या मशीनवर ताल धरला होता. त्या वाट बघत असतील हो माझी. तर तेवढं… मला बसस्टॉपपर्यंत सोडाल?”